चाळीस सेकंद

पहिल्याच आठवड्यात मी ती ओळ पुसली.
कोडात होतं: थांबा(४०)
आणि शेजारी टिपेत: चाळीस सेकंद थांबा.
मला हसू आलं.
हातच्या कांकणाला कुणी आरसा धरावा, तसं.
टीप उडवली, तिच्यासकट थांबणंही.
आतलं आणि बाहेरचं पाणी समान झालं
असं मापक सांगतोय,
तर बोटींना ताटकळत कशाला ठेवायचं?

फ्रीसलंडच्या किनाऱ्यावर, जिथे जमीन समुद्राहून खाली आहे
आणि कुणाला त्याचं विशेष वाटत नाही,
तिथल्या पाणदरवाज्यांचा प्रोग्राम
नुकताच माझ्या हाती आला होता.

तीन दिवस सगळं सुरळीत.
चौथ्या दिवशी वायव्येचा वारा सुटला.
आउक्येबाईंची बार्ज कुंडात, साखरबीटाने काठोकाठ भरलेली.
मापक म्हणाला: समान.
दरवाजा उघडला
आणि समुद्र आत आला, न विचारता.
लोखंड भिंतीवर घासत किंचाळलं,
एक दोर तुटला, कॉफीची किटली फुटली.
माणूस कुणी गेलं नाही.
पण आउक्येबाई मला जे बोलल्या
ते कुठल्याही टिपेत लिहिण्यासारखं नाही.

संध्याकाळी सायकल वाऱ्यात रेटत त्यित्स्केकडे गेलो.
प्रोग्राम तिचा, सत्त्याण्णव सालचा.
ती स्वयंपाकघरात शेंगा सोलत होती.
मी सांगत होतो, ती सोलत होती.
"वायव्येचा वारा मापकाच्या नळीत पाणी ढकलतो," म्हणाली.
"नळी भरते, कुंड भरायचं असतं."
मग लिहिलं का नाहीस?
"लिहिलं की. थांबा म्हणून."
आणि एक शेंग हातात तशीच राहिली.
"का, ते नाही लिहिलं.
तेव्हा मला माहीत होतं ना."

बराच वेळ फक्त खिडकी वाजत होती.

"कोड काय करतो ते कोड सांगतो, वीब्रेन.
त्याच्या मागे उभं राहून तेच पुन्हा बडबडू नये.
त्याला जे बोलता येत नाही ते लिही.
आधी काय करून पाहिलं, कसं फसलं.
आकडा मोजून आला की अंदाजाने.
अंदाज असेल तर अंदाज म्हण, लाज कसली.
आणि एकक लिही रे बाबा!
आमच्या हारिंगाने सेंटिमीटरला मीटर समजून
अख्खं कुरण बुडवलं होतं.
गाई काही बोलल्या नाहीत. गाईवाला बोलला."

मी विचारलं, एका जागी लिहिलंयस: हे तात्पुरतं.
"अजून आहे ते?"
आहे. सव्वीस वर्षं.
तेव्हा ती पहिल्यांदा हसली, डोळे पुसेपर्यंत.

दारापर्यंत आली. म्हणाली,
"कोड बदलून टीप तशीच ठेवलीस
तर ती टीप नाही, चकवा आहे.
रात्री तीनला उठवलेला माणूस
तिच्या मागून चालत जातो.
त्यापेक्षा कोरं सोडलेलं बरं.
आणि तो माणूस बहुतेक वेळा तूच असतोस,
फक्त सगळं विसरलेला."

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, म्हणतात.
पण पुढच्याने तो दगड दाखवला तर.
रात्री परत जाऊन थांबणं जागेवर ठेवलं
आणि वर लिहिलं:

// वारा वायव्येचा असला की मापकाची नळी आधी भरते, कुंड मागून.
// मापक "समान" म्हणतो तेव्हा पाणी अजून दोन वीत खाली असू शकतं.
// म्हणून ४० सेकंद. त्यित्स्केने घड्याळ लावून मोजले, ऑक्टोबर १९९७.
// ही ओळ मी एकदा काढली. बार्ज घासली.
// काढायची तर आधी नळी बदला.

"दोन वीत" पाहिलं. खोडलं.
"३५ ते ४५ सेंटिमीटर" केलं.

आठवड्याने आउक्येबाई परतीच्या वाटेवर आल्या.
मापक म्हणाला, समान.
दरवाजा हलला नाही.
डेकवर उभ्या राहून त्या माझ्या खिडकीकडे बघत होत्या,
हातात नवी किटली, निळी,
आणि मी मनात आकडे मोजत होतो,
सदतीस, अडतीस.